मांडवीच्या काठाने काजूच्या भट्टीपर्यंत

गोव्यातील एकदिवसीय सहलींची जी पत्रके हॉटेलांच्या स्वागतकक्षात ठेवलेली असतात, त्यांत बहुधा आठ-दहा ठिकाणांची यादी असते आणि प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला अर्धा तासही येत नाही. अशा सहलीत चर्च, देऊळ, धबधबा आणि फेणीचे दुकान असे सगळे पाहून होते; मात्र त्या चर्चचा त्या देवळाशी काय संबंध, आणि फेणी दुकानात येण्याआधी कुठून येते, हे कळायला सवडच मिळत नाही. या लेखात सुचवलेला मार्ग वेगळा आहे. जुने गोवे, दिवाडी बेट, नार्वे, हरवळे आणि शेवटी सत्तरी तालुक्यातील, काजूच्या बोंडांची दारू म्हणजे फेणी गाळण्याची भट्टी अशी ही पाचच ठिकाणे असून ती सगळी मांडवी नदीच्या खोऱ्यात येतात. सकाळी खाऱ्या पाण्याच्या काठावरून निघायचे आणि दुपारनंतर, जिथे याच नदीला म्हादई म्हणतात त्या डोंगराळ भागात पोहोचायचे, असा हा क्रम आहे. पहिल्यांदाच गाईडसह अशी सहल करू पाहणाऱ्यांसाठी तिची आखणी येथे टप्प्याटप्प्याने दिली आहे.

आधी महिना ठरवावा

तारखेच्याही आधी महिना ठरवणे आवश्यक आहे, कारण या सहलीतील दोन आकर्षणे एकाच ऋतूत मिळत नाहीत. काजूच्या बोंडांचा हंगाम साधारणपणे मार्च ते मे असा असतो आणि भट्ट्याही तेवढ्याच काळात पेटतात. पाऊस सुरू झाला की बोंडे संपतात आणि भट्टी थंडावते. हरवळ्याचा धबधबा मात्र खरा पाहावा तो पावसाळ्यात. एप्रिलमध्ये तेथे पाण्याची बारीक धार दिसते आणि ऑगस्टमध्ये भट्टीच्या जागी शाकारलेली, बंद खोपटी दिसते. दोन्ही एकाच दिवशी दाखवण्याचे आश्वासन कुणी देत असेल, तर त्याला भट्टीत त्या दिवशी नेमके काय चालू असेल एवढे विचारावे.

माझे मत विचाराल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. उकाडा असतो हे खरे, पण त्या दिवसांत सत्तरीच्या रस्त्यांवरून जाताना पिकलेल्या बोंडांचा जो गोड, किंचित आंबूस वास गाडीच्या काचेतून आत येतो, तो वर्षात पुन्हा कधी मिळत नाही. वारही पाहून घ्यावा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात आणि पर्यटकांना उशिरा प्रवेश मिळतो. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. सोमवारी अनेक हिंदू घरांत आणि खाणावळींत मासे शिजत नाहीत, तेव्हा माशांच्या जेवणाची ओढ असणाऱ्यांनी तो दिवस टाळावा. 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त (वार्षिक सण) असते. त्या सुमारास जुन्या गोव्यात भाविकांची मोठी गर्दी लोटते आणि निवांतपणे काही पाहणे शक्य होत नाही.

गाडी आणि गाईड

चार ते सहा जणांचा गट आणि एक लहान गाडी ही या मार्गासाठी योग्य जुळणी आहे. वाटेत दोनदा फेरीबोटीवर गाडी चढवायची असते, त्यामुळे मोठी बस उपयोगाची नाही. स्वतः गाडी चालवत जाण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. दिवसाच्या शेवटी चव घेण्याचा कार्यक्रम आहे आणि मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. भाड्याच्या दुचाकीवरून आलेल्यांनाही हा नियम तितकाच लागू आहे, ही गोष्ट किनाऱ्यावरचे पर्यटक फार सहजपणे विसरतात.

गाईड ठरवताना तो पर्यटन खात्याचा परवाना असलेला आहे का, हे प्रथम विचारावे. त्यानंतरचे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. सांगितलेल्या रकमेत फेरीबोटीचे भाडे, चालकाचे जेवण आणि भट्टीवाल्याला द्यायचे पैसे धरले आहेत का? भट्टीवाला गाईडच्या ओळखीचा आहे का, आणि त्याला आदल्या दिवशी कळवले जाईल का? वाटेत कोणत्या दुकानांत थांबायचे आहे? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, परंतु तो विचारला नाही की काय होते हे मी अनुभवले आहे. एका सहलीत आम्हाला मसाल्यांच्या एका दुकानात तासभर बसवून ठेवले गेले, डोळ्यांदेखत फेरीबोट निघून गेली आणि पुढचे वेळापत्रक दिवसभर कोलमडत राहिले. गाईडला दुकानदाराकडून काही मिळते याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. थांबा किती वेळाचा आहे हे आधी ठरलेले असावे, एवढेच.

भाषेची अडचण सहसा येत नाही. या भागातील बहुतेकांना मराठी कळते आणि पुष्कळांना ती उत्तम बोलता येते. आपणही निरोप घेताना ‘देव बरें करूं’ म्हणावे. आभार मानण्याची ही कोंकणी रीत भट्टीवर विशेष आवडते. एक अडचण मात्र नवख्यांना हमखास येते, ती नावांची. रस्त्यावरच्या फलकांवर आणि मोबाईलच्या नकाशावर जे ‘बिचोलिम’ आहे ते डिचोली, ‘सांकेलिम’ म्हणजे साखळी, ‘वाल्पोई’ म्हणजे वाळपई, ‘दिवार’ म्हणजे दिवाडी, ‘नारोआ’ म्हणजे नार्वे आणि ‘आर्वालेम’ म्हणजे हरवळे. ही यादी कागदावर लिहून खिशात ठेवल्यास गाईड काय म्हणतो आणि नकाशा काय दाखवतो, यांचा मेळ बसतो.

सकाळ जुन्या गोव्यात

पणजीहून जुने गोवे सुमारे 10 किलोमीटर आहे. आठच्या आत न्याहारी उरकून निघावे. पातळभाजी, पाव आणि मिरचीची भजी ही येथील सकाळची न्याहारी असून ती पोटाला दुपारपर्यंत आधार देते. चर्चमध्ये जायचे असल्याने खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. तेच कपडे पुढे देवळातही चालतात, म्हणजे दोनदा विचार करावा लागत नाही. कपडे शक्यतो गडद रंगाचे असावेत. कारण पुढे भट्टीच्या टप्प्यावर येईल.

जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ यांना 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेथे पाहण्यासारखे इतके आहे की सगळे पाहायला निघालेला माणूस दुपारी दमून कुठल्यातरी पायरीवर बसलेला आढळतो. दोन-अडीच तासांत तीनच वास्तू नीट पाहाव्यात असे मी सुचवीन. पहिली बॉम जीझस बॅसिलिका. तिचे बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये ती प्रार्थनेसाठी खुली झाली. बाहेरून दिसणारा तांबूस जांभा हे तिचे मूळ रूप नव्हे. भिंतींवरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला. आत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव चांदीच्या पेटीत आहे. पेटी गोव्यातील कारागिरांनी घडवलेली आहे, तर तिच्या खालचा संगमरवरी चौथरा इटलीतील टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला असून तो फ्लोरेन्सच्या शिल्पकाराने घडवला आहे. एकाच स्मारकात दोन देशांच्या हातांचे काम असे वर-खाली पाहायला मिळते, आणि बहुतेक गाईड हे सांगत नाहीत म्हणून आपणच विचारावे.

रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल सेंट कॅथरिनच्या नावाने आहे, कारण अफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकला तो 25 नोव्हेंबर 1510 हा दिवस तिच्या सणाचा होता. त्याच्या दर्शनी भागाला डाव्या-उजव्या बाजूंना दोन मनोरे होते. त्यांतील एक 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा कधी बांधला गेला नाही. नव्याने येणाऱ्यांना ही इमारत अपुरी किंवा बेढब वाटते, ती यामुळे.

तिसरी वास्तू म्हणजे सेंट ऑगस्टिनच्या मठाचा पडका मनोरा. सुमारे 46 मीटर उंचीचा हा मनोरा टेकडीवर एकटाच उभा आहे. 1835 मध्ये धार्मिक संघांवर बंदी आल्यावर मठ ओस पडला, 1842 मध्ये छत कोसळले आणि पुढच्या शतकात मनोऱ्याचाही मोठा भाग गेला. येथील उत्खननात जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अस्थिअवशेष मिळाले. 1624 मध्ये इराणातील शिराझ येथे तिला ठार मारण्यात आले होते आणि ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणीने ओळख पटल्यानंतर 2021 मध्ये भारत सरकारने ते जॉर्जियाला सुपूर्द केले. गर्दी चर्चमध्ये असते आणि हा मनोरा बहुधा मोकळा असतो, म्हणून तेथे अर्धा तास तरी काढावा.

कमानीखालून फेरीबोटीकडे

से कॅथेड्रलच्या पुढून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना ती उभारली गेली, आणि नवा व्हाइसरॉय पोर्तुगालहून आला की याच कमानीखालून शहरात शिरत असे. आपण उलट्या दिशेने, शहरातून नदीकडे जातो. कमानीपासून काही पावलांवर फेरीबोटीचा धक्का आहे. येथे प्रवाशांनी गाडीतून उतरून बोटीवर पायी चढावे आणि चालकाने गाडी एकट्याने चढवावी. पायी प्रवाशांना भाडे पडत नाही. बोट सुटण्याची वाट पाहावी लागली तरी चिडू नये. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर विचारून घ्यावी, आपण दुसऱ्या रस्त्याने परतणार असलो तरीही, कारण बेत बदलू शकतो.

पलीकडे उतरले की दिवाडी बेट. पिदादच्या टेकडीवरच्या चर्चसमोरून मांडवीचे पात्र आणि जुन्या गोव्याचे मनोरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. परंतु बेटावर पाहण्याची खरी गोष्ट खाली सखल भागात आहे. ती म्हणजे खाजन. भरतीचे खारे पाणी अडवण्यासाठी घातलेले मातीचे बांध आणि त्या बांधांत बसवलेली, पाण्याच्या दाबानेच उघडणारी व मिटणारी लाकडी दारे, ज्यांना येथे मानस म्हणतात, यांच्या जोरावर समुद्रसपाटीच्या आसपासच्या या जमिनीत शतकानुशतके भात पिकत आले आहे. खारेपण सोसणारे कोरगुट हे भाताचे देशी वाण याच जमिनीतले. गाईडला एखाद्या मानसीजवळ गाडी थांबवायला सांगावे आणि बांधावरून दहा मिनिटे चालावे. कडेला खारफुटी असते आणि बगळे, खंड्या हमखास दिसतात.

नार्वे: नदीपलीकडे गेलेला देव

दिवाडीच्या उत्तर टोकावरून दुसरी फेरीबोट नार्वे गावी जाते. हा प्रवास काही मिनिटांचाच आहे, पण सप्तकोटेश्वराची हकीकत ऐकायची ती याच बोटीवर, असा मी आग्रह धरीन. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. आपल्याला या देवाचा वरप्रसाद लाभला आहे असे बिरुद ते लावत आणि नाण्यांवरही कोरत. त्याचे मूळ मंदिर दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ते पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग नदी ओलांडून पलीकडे, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेरच्या डिचोली महालात नेले. म्हणजे आपली बोट ज्या पात्रातून जाते तेच पात्र त्या काळी दोन राज्यांमधली सीमा होते, आणि बेटावरून पाहिले तर देव अगदी समोरच्या काठावर गेला होता.

1668 मध्ये शिवाजी महाराजांनी या मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तसा शिलालेख मंदिराच्या दारावर आहे. तो देवनागरीत असल्याने मराठी वाचकाला थोड्या प्रयत्नाने स्वतः वाचता येतो, आणि गाईडने सांगण्याआधी तो वाचून पाहण्यात वेगळा आनंद आहे. मंदिर लहान, उतरत्या कौलारू छपराचे, झाडांनी वेढलेले असून समोर दीपस्तंभ आहे. आतील लिंग गुळगुळीत गोल नसून त्याला उभ्या धारा आहेत, म्हणून त्यास धारालिंग म्हणतात. अलीकडे झालेल्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये मंदिर पुन्हा खुले झाले. गोकुळाष्टमीला येथे पंचगंगेच्या तीर्थावर स्नानासाठी मोठी जत्रा भरते. एरवी मात्र इथे इतकी शांतता असते की गटातील मोठ्याने बोलणाऱ्यांना आधीच सूचना द्यावी.

दिवसाचा क्रम असा लावण्याचे एक साधे कारण येथे सांगितले पाहिजे. काही सहलींत भट्टी सकाळी दाखवतात आणि देऊळ दुपारी. तोंडाला दारूचा वास घेऊन गाभाऱ्यासमोर उभे राहणे आपल्यालाही बरे वाटत नाही आणि पुजाऱ्यालाही. देव आधी, भट्टी नंतर, हा क्रम गाईडने बदलू म्हटले तरी बदलू नये.

जेवण आणि हरवळे

दुपारचे जेवण डिचोलीत किंवा साखळीत घ्यावे. माशांच्या थाळीत शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेला तुकडा, सुक्या सुंगटांची म्हणजे झिंग्यांची किसमूर (कोशिंबीर) आणि सोलकढी असते. भरपेट पण बेताने जेवावे, कारण उपाशीपोटी फेणीची चव घेणे जितके वाईट तितकेच सुस्तावून भट्टीवर जाणेही.

साखळीजवळच्या हरवळ्याला तासभर पुरतो. तेथे जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन लेणी असून लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. आतल्या खोल्यांत लिंगे आहेत. जवळच रुद्रेश्वराचे मंदिर आणि धबधबा आहे. उन्हाळ्यात धबधब्याच्या पायथ्याशी सावलीत बसावे, पावसाळ्यात पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. याहून अधिक वेळ येथे घालवू नये, कारण भट्टीवर उजेडात पोहोचणे गरजेचे आहे.

भट्टीवर

साखळीहून वाळपईच्या दिशेने गेले की सत्तरी तालुका सुरू होतो आणि डोंगरउतारांवर काजूच्या बागा दिसू लागतात. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात येथे आणले. त्याच्या आधी गोव्यात माडाच्या सुरेपासून दारू गाळण्याची विद्या होती, ती या नव्या फळाला लावली गेली. माडाची फेणी आजही निघते, पण माडावर चढणारे रेंदेर कमी होत गेल्याने ती दुर्मिळ झाली आहे. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला राज्याचे वारसा पेय म्हणून मान्यता दिली.

भट्टी म्हणजे प्रदर्शन नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. ते हंगामी कामाचे ठिकाण आहे. मालक बाग, बोंडे, सरपण आणि अबकारी खात्याचा परवाना यांत पैसे गुंतवून दोन-अडीच महिन्यांत वर्षाची कमाई काढत असतो. म्हणून आगीजवळ गर्दी करू नये, भांड्यांना हात लावण्याआधी विचारावे आणि छायाचित्र काढायचे असल्यास माणसांची परवानगी घ्यावी. बरोबर मुले असतील तर दोन धोके त्यांना आधीच सांगावेत. पहिला विस्तवाचा. दुसरा ओल्या काजूबियांचा: कवचातील तेल अंगाला लागले तर कातडी भाजते आणि फोड येतात, म्हणून ढिगातली बी उचलून हातात खेळवू नये. बोंडाच्या रसाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. गडद कपड्यांचा सल्ला दिला होता तो याचसाठी.

आता प्रक्रिया कोणत्या क्रमाने पाहावी ते सांगतो, कारण पाहुणे सहसा धूर दिसतो तिकडे धावतात आणि निम्मी गोष्ट चुकवतात. सुरुवात बागेतून करावी. फेणीसाठी बोंडे झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप गळालेली बोंडेच वेचतात, कारण कच्च्या बोंडाचा तुरटपणा दारूत उतरतो. वेचलेल्या बोंडाची बी पिळून वेगळी काढतात आणि बोंडे कोळंबीत टाकतात. कोळंबी म्हणजे कातळात कोरलेले किंवा बांधून काढलेले, एका बाजूला उतार असलेले उथळ टाके. त्यात पूर्वी माणसे पायांनी बोंडे तुडवत असत. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आले आहे. पहिला रस वाहून गेल्यावर उरलेल्या चोथ्याचा ढीग रानवेलीने गुंडाळून बांधतात आणि वर दगडाचे वजन ठेवतात. त्यातून थेंबथेंब पाझरतो तो नीरो. नाव सारखे असले तरी ही आपल्या महामार्गांवर मिळणारी ताडामाडाची नीरा नव्हे. नीरो आंबवायला न ठेवता ताजाच पितात. गार केलेला नीरो गटातील न पिणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी या दिवसाचे सर्वांत चांगले पेय आहे, मात्र तो त्याच दिवशीचा असावा.

कोळंबीतून आलेला रस मोठ्या भांड्यांत साधारण तीन दिवस आंबतो. त्यात खमीर किंवा साखर घालत नाहीत; हवेतले आणि फळावरचे किण्वच काम करतात. फेस चढतो, उतरतो, आणि फेस बसला की रस भट्टीला लावण्याजोगा झाला असे जाणकार समजतात. भांड्याजवळ कान नेला तर बारीक सळसळ ऐकू येते. ही सळसळ ऐकण्यासाठी सगळ्यांना दोन मिनिटे गप्प बसवावे.

त्यानंतर धूर निघतो तिकडे जावे. रस ज्यात उकळतो ते भांडे म्हणजे भाण, पूर्वी मातीचे आणि आता बहुधा तांब्याचे. वाफ नळीतून ज्या भांड्यात जाऊन थंड होते ती लावणी. हा शब्द ऐकून मराठी पाहुणे हसतात आणि भट्टीवालेही त्या हसण्याला सरावलेले आहेत. भाणाच्या तोंडाच्या फटी चिखलाने लिंपतात आणि त्यासाठी वारुळाची माती चांगली मानतात, कारण ती उष्णतेने लवकर तडकत नाही. लावणीवर सतत गार पाणी ओततात किंवा नळीचे वेटोळे पाण्याच्या टाकीतून नेतात. आग किती ठेवायची हे मात्र कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. जाळ वाढला तर रस करपतो आणि करपलेपणाचा वास शेवटपर्यंत जात नाही. जाळ मंदावला तर दिवस वाया जातो. लाकूड आत सरकवणाऱ्या माणसाच्या हाताकडे थोडा वेळ पाहत राहावे. भट्टीतले खरे कसब तिथे आहे.

पहिल्यांदा गाळून निघतो तो हुर्राक. तो सौम्य असतो, अल्कोहोलचे प्रमाण साधारण 15 टक्क्यांच्या आसपास. हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी होते. जुन्या रीतीत मध्ये काजुलो नावाचा आणखी एक टप्पा असे आणि फेणी तिसऱ्या वेळी निघे. बाटलीतल्या फेणीत अल्कोहोलचे प्रमाण 42 टक्क्यांहून थोडे अधिक असते. येथे जोर मोजण्याचे एकक ‘ग्राव’ हा पोर्तुगीज काळापासून चालत आलेला शब्द आहे. मोजमापाचे उपकरण असले तरी जुना गाळणारा फेणी उंचावरून पेल्यात ओततो आणि वर आलेल्या बुडबुड्यांची माळ किती वेळ टिकते ते पाहतो. फेणी हे नाव फेण म्हणजे फेस या शब्दावरून आले असे मानतात, ते या खुणेमुळे पटते.

भट्टीच्या किंवा बागेच्या कडेला एखाद्या झाडाखाली शेंदूर, विडी, रोट आणि छोट्या वाटीत दारू ठेवलेली दिसली तर ती ओलांडू नये. गोव्यातील अनेक गावांत सीमेच्या राखणदाराला, म्हणजे देवचाराला, सोरो (दारू) वाहण्याची रीत आहे. हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन तो रात्री गावाभोवती फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, असे लोक सांगतात. तळकोकणातून आलेल्या वाचकांना हे नवीन नाही. इतरांनी कथा ऐकावी, विश्वासाची परीक्षा घेणारे प्रश्न विचारू नयेत.

चव कशी घ्यावी

गोव्यात दारू पिण्याचे किमान वय 18 आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी ते 25 आहे, तेव्हा गटातील तरुणांनी घरच्या नियमाची आठवण ठेवलेली बरी. पहिला मान हुर्राकाला द्यावा, कारण तो हंगामातच मिळतो आणि फार टिकत नाही. लिंबाचे सोडायुक्त पेय, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो पितात. सरबतासारखा लागतो आणि तिथेच नवखे फसतात. एक पेला पुरे.

फेणीची पाळी आली की घोट घेण्याआधी वास घ्यावा. पहिला दर्प तीव्र, पिकून फुटलेल्या बोंडाचा असतो आणि अनेकजण तेथेच तोंड फिरवतात. क्षणभर थांबून पुन्हा वास घेतला तर त्यामागचा फळाचा गोडवा कळतो. चमचाभर फेणी तशीच जिभेवर ठेवावी, मग थोडे पाणी घालून पुन्हा चाखावी; पाण्याने वास उलगडतो. जिभेवर राखेसारखी किंवा करपट चव राहिली तर जाळ बिघडला होता असे समजावे. गोड मसालेदार चवीच्या बाटल्याही दुकानांत मिळतात, पण भट्टीवर येऊन त्या मागणे म्हणजे आमराईत जाऊन बाटलीतला आमरस मागण्यासारखे आहे. गर्भवती स्त्रिया, यकृताचे विकार असलेले आणि झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे यांनी चव घेण्याच्या फंदात पडू नये. चालकाला आग्रह करू नये.

बाटली घरी नेताना

भट्टीवरून विकत घेण्याची इच्छा होतेच. परवानाधारक विक्रेत्याकडची, लेबल आणि बिल असलेली बंद काचेची बाटली घ्यावी. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलेली दारू तपासणी नाक्यावर काय आहे हे सिद्ध करता येत नाही. गोव्यातील दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि बांदा, आंबोली या वाटांवर गाड्या तपासल्या जातात. म्हणून गोव्याच्या अबकारी खात्याची कागदपत्रे कोणती लागतील आणि महाराष्ट्रात कोणता परवाना हवा, हे दोन्हीकडे निघण्याआधीच विचारून घ्यावे. ‘एका बाटलीला कोण विचारतो’ हा सल्ला देणारा नाक्यावर आपल्याबरोबर नसतो. विमानाने जाणाऱ्यांना 24 ते 70 टक्के अल्कोहोल असलेली दारू सीलबंद किरकोळ बाटल्यांत, प्रत्येक प्रवाशाला एकूण 5 लिटरपर्यंत, चेक-इन सामानातून नेता येते, पण उतरण्याच्या राज्याचा कायदा तेथेही लागू होतोच.

ज्यांना हा खटाटोप नको आहे त्यांनी भट्टीवाल्याकडून वाळवलेल्या काजूबिया घ्याव्यात. त्या घरी फोडताना हाताला खोबरेल तेल किंवा राख चोळायला विसरू नये.

परतीसाठी वाळपई, साखळी, डिचोली मार्गे पणजीचा रस्ता धरावा, फेरीबोटीचा नाही. अंधार पडण्याच्या आत सत्तरीतून निघाले तर वळणांचा रस्ता उजेडात संपतो आणि दिवसभर गाडी चालवणाऱ्या चालकाला साखळीत चहा पाजायला वेळ मिळतो.